उंचीची सुई

इटियाडोह धरणाच्या अलीकडे, गोठणगावच्या शाळेच्या मैदानावर सैन्यभरतीचा तंबू लागला होता. बाहेरून तो लग्नाच्या मांडवासारखा दिसे, पण आतली हवा लडाखची होती. एका यंत्राने तिथला प्राणवायू निम्म्यावर आणून ठेवला होता. उमेदवाराने पाठीवर ओझं घेऊन फिरत्या पट्ट्यावर चालायचं आणि बाहेरच्या पडद्यावर त्याचा श्वास दिसत राहायचा.

तालुक्यात धावण्यात पहिली येणारी प्रणाली कापगते ओठ निळे करून बाहेर आली आणि यांगचेनच्या खांद्यावर कोसळली.

"जीवच चालला होता माहा," ती धापा टाकत म्हणाली. "तू नको जाऊ."

यांगचेन गेली. ती चालत राहिली, मग चालता चालता गुणगुणू लागली. पडद्यासमोर बसलेल्या सैन्याच्या डॉक्टर, मेजर रणदिवे, खुर्चीवरून उठून तंबूच्या खिडकीशी आल्या. यांगचेन बाहेर आली तेव्हा त्यांनी स्वतः तिच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"नाव काय तुझं?"

"यांगचेन डोल्कर. इथल्याच तिबेटी वसाहतीत राहते."

मेजरबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे नागरिकत्व नाही?"

"मी इथंच जन्मली, मॅडम. माझा बापही इथलाच. आजोबा तर सैन्यासोबत डोंगरात लढले, हिमदंशानं पाय गेला त्यांचा."

"त्या वेळचे नियम वेगळे होते. नव्या कायद्यात नागरिक नसेल त्याला गणवेश नाही. आधी नागरिकत्वासाठी अर्ज कर."

"दोनदा केला. तिथले साहेब म्हणतात, काही खास सेवा केली असेल तर बघू. सैन्यात असतीस तर काम सोपं होतं, म्हणतात. तिकडं म्हणतात सैन्यात जा, इथं म्हणतात नागरिक हो. मी जाऊ कुठं?"

मेजरबाईंनी तिला बाजूला नेऊन दुसरीच गोष्ट काढली. उंचावर गेलं की माणसाचं रक्त दाट होत जातं, त्याच्या गुठळ्या होतात, कित्येक जवान शत्रू न दिसताच खाली आणावे लागतात. तिबेटी लोकांचं रक्त मात्र तसं दाट होत नाही. हजारो वर्षं त्या हवेत राहून ते गुण त्यांच्या जनुकांत उतरले आहेत. आता यांगचेनसारख्या कुणाच्या हाडांतल्या मज्जेतून थोड्या मूळपेशी घेऊन दुसऱ्याच्या मज्जेत रुजवल्या, की त्याचं शरीर हळूहळू तिच्यासारखं रक्त बनवू लागे. डॉक्टर त्याला मज्जारोपण म्हणत. जवानांनी त्याचं नाव उंचीची सुई ठेवलं होतं.

"ते द्यायला नागरिकत्व लागत नाही?" यांगचेनने विचारलं.

"नाही," मेजरबाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

ती रागाने घरी निघून गेली. पण उमेदवारांच्या तपासण्या झाल्या आणि निरोप आला की यांगचेनच्या पेशी प्रणालीला जुळतात. प्रणाली संध्याकाळी वसाहतीत आली आणि पायरीवर बसून राहिली. तिने काही मागितलं नाही. मागितलं असतं तर यांगचेनला नाही म्हणता आलं असतं.

"चल, बाई," यांगचेन शेवटी म्हणाली. "तू तरी जा."

प्रणाली भरती झाली आणि लडाखला गेली. तिकडून तिचे फोन येत. वरती इतरांची डोकी दुखतात, आपण मात्र पळत सुटतो, बर्फावर ऊन पडलं की डोळे दिपतात, असं ती भरभरून सांगे. यांगचेन ऐके, हसे, आणि फोन ठेवल्यावर विनाकारण आईवर खेकसे. तिचा तिसरा अर्जही परत आला. मज्जा देणं ही खास सेवा मानता येत नाही, असा शेरा होता. ती आईबरोबर पुन्हा शहरोशहरी स्वेटर विकायला जाऊ लागली.

पुढच्या वर्षी प्रणाली सुट्टीवर आली. परत जाताना तिला आधी नागपूरच्या तळावर हजर व्हायचं होतं. यांगचेन तिला पोचवायला गेली.

तळाच्या फाटकावर नुकतंच एक नवं यंत्र बसवलं होतं. दुसऱ्याच्या नावावर आत घुसणारे पकडायला रक्ताचा एक थेंब घेऊन ते देशात राहणाऱ्या सगळ्यांच्या जनुकनोंदी धुंडाळी. प्रणालीने बोट पुढे केलं. क्षणभराने यंत्र स्वच्छ मराठीत बोललं:

"यांगचेन डोल्कर. नागरिक नाही. प्रवेश नाही."

पहारेकरी जवान पुढे झाला. प्रणालीच्या अंगावर गणवेश होता, छातीवर नावाची पट्टी होती; तो गोंधळून दोन्हीकडे बघत राहिला.

"अरे, मी कापगते!" प्रणाली ओरडली. "सुई घेतली आहे मी!"

मेजर रणदिवे तळावरच होत्या. निरोप मिळताच त्या घाईघाईने आल्या आणि पाहताक्षणी सगळं त्यांच्या लक्षात आलं. मज्जा बदलली म्हणजे रक्तातली ओळखही बदलणार, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"यंत्राला काय कळतंय!" त्या चिडून पहारेकऱ्याला म्हणाल्या. "रक्त कुणाचंही असो, मुलगी आपली आहे. इथे जन्मली, इथे शिकली, देशासाठी उभी राहायला तयार आहे. आणखी काय पाहिजे? माझ्या जबाबदारीवर सोड हिला."

बोलता बोलता त्यांचं लक्ष मागे उभ्या असलेल्या यांगचेनकडे गेलं आणि त्या थांबल्या.

फाटक उघडलं. प्रणाली मात्र आत गेली नाही. ती बाजूला सरकली आणि तिने यांगचेनला हाताने पुढे बोलावलं.

यांगचेन यंत्रासमोर आली आणि तिने बोट ठेवलं. सुई टोचली.

"यांगचेन डोल्कर. नागरिक नाही. प्रवेश नाही."

पहारेकरी नवा होता, प्रामाणिक होता. आत्ताच मिळालेला हुकूम त्याने नीट ऐकला होता. तो मेजरबाईंकडे वळला.

"मॅडम, हिलाही सोडायचं का?"