थांबल्यानंतरचं एक मिनिट

चारुता डोईफोडे टेकडीच्या माथ्यावर सगळ्यांच्या आधी पोहोचली, आणि तरीही शाळेच्या गडचढाई संघातून नेमकं तिचंच नाव वगळलं गेलं.

निवड करत होता 'पारखी' नावाचा यंत्रमानव. यंदापासून जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांचे संघ तोच निवडत होता. मुलांच्या मनगटावरच्या पट्टीवरून त्याला त्यांची हृदयगती (हृदयाचे एका मिनिटात पडणारे ठोके) दिसायची.

"चारुता, एकशे अठ्ठ्याण्णव. फार जास्त. हृदय कमकुवत," तो म्हणाला. "वेदश्री, एकशे ऐंशी. निवड पक्की."

"कमकुवत?" चारुताचा आवाज चढला. "मग मी पहिली आले ती कशी?"

"निर्णय झाला आहे."

"सर, तुम्ही तरी बोला ना!"

क्रीडाशिक्षक खिलारे सर कानकोंडे झाले. "यंत्राचा निकाल आहे बाळा. आपण काय बोलणार?"

चारुता धुमसतच घरी आली. तिची सुनेत्राआत्या शास्त्रज्ञ होती. चांद्रतळावर महिनोन् महिने राहून आलेल्या माणसांच्या हृदयांचा ती अभ्यास करायची. सगळं सांगून झाल्यावर चारुताने हळूच विचारलं, "आत्या, माझं हृदय खरंच कमकुवत आहे का गं?"

आत्याचा चेहरा लालबुंद झाला. "एवढ्याशा पोरीला असं तोंडावर सांगतात? तेही अर्धवट माहितीवर? अगं, पळताना स्नायूंना जास्त प्राणवायू लागतो. तो रक्तातून पोहोचवायचा, म्हणून हृदय भराभर धडधडतं. कुणाचं एकशे ऐंशीपर्यंत जातं, कुणाचं दोनशेपर्यंत. तुमच्या वयात हे अगदी स्वाभाविक आहे. नुसत्या त्या आकड्यावरून कुणी कमकुवत ठरत नाही!"

"मग कशावरून कळतं?"

"थांबल्यावर ठोके किती लवकर उतरतात, ते बघायचं. चल, दोरीवरच्या उड्या मार."

चारुताने दम लागेपर्यंत उड्या मारल्या आणि मग ती थांबली. पट्टीवरचा आकडा बघता बघता खाली घसरू लागला.

"हे कोण करतंय?" तिने धापा टाकत विचारलं.

"तुझ्या नसा. हृदयाकडे दोन प्रकारच्या नसा जातात. अनुकंपी चेतासंस्था (शरीराला कामाला जुंपणाऱ्या नसा) त्याचा वेग वाढवते. परानुकंपी चेतासंस्था (शरीराला विसावा देणाऱ्या नसा) तो कमी करते. सायकलचं पायडल आणि ब्रेक म्हण हवं तर. पळायला लागलीस की ब्रेक सुटतो आणि पायडल जोरात फिरतं. थांबलीस की आधी ब्रेक लागतो, म्हणून पहिल्याच मिनिटात ठोके झपाट्याने उतरतात. पायडल मात्र सावकाश थांबतं, त्यामुळे पूर्ववत व्हायला आणखी वेळ लागतो. नियमित व्यायाम करणाऱ्यांचा ब्रेक चांगला लागतो."

दुसऱ्या दिवशी आत्या स्वतः टेकडीवर आली.

"पारखी, तू ठोके मोजणं कधी थांबवतोस?"

"अंतिम रेषेवर. शर्यत तिथे संपते."

"शर्यत संपते, हृदयाचं काम संपत नाही!" आत्या कडाडली. "आज थांबल्यानंतरचं एक मिनिटही मोज."

मुली पुन्हा धावल्या. रेषेवर चारुताचे ठोके एकशे शहाण्णव होते, मिनिटभराने एकशे पन्नास. वेदश्रीचे होते एकशे ऐंशी, आणि मिनिटभराने एकशे बहात्तर.

"बघितलंस?" चारुता विजयाने ओरडली. पण मागे वळून पाहते तर वेदश्री पांढरीफटक पडून एका दगडाला टेकली होती.

"वेदू, काय होतंय तुला?"

"गेल्या आठवड्यात ताप होता," वेदश्री पुटपुटली. "सांगितलं असतं तर संघातून काढलं असतं ना."

चारुता पारखीवर उसळली. "आणि हिला तू गड चढायला पाठवणार होतास!"

आत्याने वेदश्रीला पाणी दिलं. "घाबरू नकोस. ताप, जागरण, सराव तुटणं, अशा कशानेही ठोके हळू उतरतात. पण आज आणखी पळायचं नाही. विश्रांती घ्यायची आणि डॉक्टरांना दाखवायचं."

"माझा नियम अपुरा होता," पारखी म्हणाला. "चारुताची निवड करतो."

"फक्त माझी?" चारुताचा राग उलट वाढलाच. "बाकीच्या शाळांमधल्या मुलांचं काय? किती जणांना तू कमकुवत म्हणून घरी बसवलंयस? आणि किती आजारी मुलांना पळवणार आहेस?"

खिलारे सर पुढे झाले. त्यांनी तिथूनच जिल्हा कार्यालयाला फोन लावला. "पोरगी बरोबर बोलतेय. सगळ्या निवडी थांबवा. नाही, उद्या नाही, आत्ताच!"

संपूर्ण जिल्ह्यात निवड नव्याने झाली. गडचढाईची शर्यतही पुढे ढकलली गेली. मधल्या काळात वेदश्रीने भरपूर आराम केला आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर ती पुन्हा धावू लागली, आधी सपाटीवर, मग टेकडीवर. एका सकाळी माथ्यावर पोहोचून ती थांबली. चारुता तिच्या पट्टीवर डोळे लावून बसली. मिनिट संपलं, तेव्हा ठोके चाळीसने उतरले होते.

वेदश्रीच्या गालांवर लाली आली होती. ती हसत म्हणाली, "आता खरी शर्यत लाव माझ्याशी!"