साईराजच्या डोक्यातल्या गाठी

"मी त्याला डुक्कर खाऊ घातलं, असं सगळी बिल्डिंग बोलते, मॅडम. माझ्याकडे पोरं घरचा डबा आणतात, स्वतःच्या हातानं खातात."

तारोडी गावची ख्रिस्ती लिनेट भाईंदर पूर्वेला पाळणाघर चालवायची. सहा वर्षांच्या साईराजला फिट आली, मेंदूत जंताच्या गाठी निघाल्या आणि पाळणाघर रिकामं झालं. आज त्याचे वडील पोलिसांत जाणार होते.

खासगी गुप्तहेर मृणालिनी ताम्हाणे उठल्या.

"पण हे डुकरातूनच होतं ना?" सहायक उत्तमने जिन्यातच विचारलं. "मग केस मिटलीच की!"

"निकाल नंतर दे. आधी ऐक."

लिनेटला घेऊन ते साईराजच्या घरी पोहोचले, तेव्हा तो झोपला होता. त्याची आई संजना त्याच्या पापण्यांवरून नजर हलवत नव्हती.

"डॉक्टर नेमकं काय म्हणाले?" मृणालिनींनी तिला विचारलं.

"जंताची अंडी पोटात गेली. कुणाच्या तरी हातातून, खाण्यातून."

"आम्ही माळकरी," वडील रोहित म्हणाला. मांडीवरच्या धाकट्या संचिताला तो दहीभात भरवत होता. "घरी दोन्ही पोरं माझ्याच हातून जेवतात. म्हणजे हिच्याकडूनच गेलं! निखाऱ्यावरचं डुक्कर आतून लाल राहतं, कळत नाही हिला?"

"निखाऱ्यावर?" लिनेट चकित झाली. "आमचं टोपात शिजतं, गावाला, नाताळला."

"चहा टाकू?" संजनाने विचारलं. "यांना नको. पोट बिघडलंय वर्षभर."

"रोहित, तो घास खाली ठेवा," मृणालिनी म्हणाल्या.



"उत्तम, तू चुकलास तिथेच सगळे चुकले. कच्चं डुक्कर खाल्लं, तर खाणाऱ्याच्या आतड्यात जंत वाढतो. मेंदूत गाठी होतात त्या जंताच्या अंड्यांनी, आणि ती माणसाच्याच पोटातून बाहेर पडतात, हाताला लागतात. डुक्कर साईराजने खाल्लं नाही. त्याला भरवणाऱ्याने खाल्लं. लिनेट कुणाला भरवतच नाही. आणि निखाऱ्यावरचं आतून लाल राहतं, हे माळकऱ्याला कसं ठाऊक?"

रोहित म्हणाला, "बांधकामाच्या साइटवर कामाची पोरं भाजायची, मीही खाल्लं... संडासात पांढऱ्या पट्ट्या पडतात. लाज वाटली सांगायला."

"आजच डॉक्टरांकडे जा. सगळेच."

"संचिता?" संजनाने एवढंच विचारलं.

"तिलाही न्या."

रोहितने हात मागे घेतला. संचिता तोंड उघडून त्याच्याकडे बघत होती.

"पप्पा, आ..."