राजाची कात

माझ्या सुनेने एक टॅरांट्युला पाळला होता. नाण्याएवढा, केसाळ असा तो कोळी काचेच्या पेटीत राही आणि ती त्याला ‘राजा’ म्हणे. मुलगा परगावी नोकरीला. घरात आम्ही दोघीच, आणि आमच्यातून विस्तव जात नव्हता. करार असा ठरला होता: या जातीचा नर चार-पाच वर्षांत मरतो, मादी मात्र वीस-पंचवीस वर्षे जगते. राजा नर निघाला, तर मी त्याला सहन करायचे. मादी निघाली, तर पेटीने घर सोडायचे.

“मग पेटीबरोबर मीही जाईन, आई.”

“दुधात साखर,” मी म्हणाले होते.

एका ढगाळ दुपारी बंद पेटीच्या कोपऱ्यात कात दिसली. वाळून चुरगळलेली, चिमूटभर. नर की मादी, हे कातीवरून ओळखता येते, आणि मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवले आहे. साबणाच्या पाण्यात ती बशीत भिजत ठेवली. खोलीभर ओल्या मातीचा वास पसरला. कुठेतरी नळ ठिबकत होता.

“हळू! पाय तुटतील तिचे.”

“मला शिकवू नकोस. दिवा धर.”

कात मऊ झाली. एकेक पाय सावकाश उलगडू लागला. पोटाची त्वचा मी ब्रशने सपाट केली आणि भिंग लावले. श्वासाच्या चार पांढुरक्या चकत्या दिसल्या. पुढच्या दोहोंच्या मधोमध घडी घातल्यासारखी एक इवलीशी पिशवी होती. नराला ती नसते.

“तुझा राजा राणी निघाला. सामान बांध.”

तिने दिवा बशीजवळ आणला.

“आई... भिंग बाजूला करा.”

कातीचे पाय बशीच्या काठाबाहेर टेकले होते.

“टाकलेली कात जनावरापेक्षा लहान असते ना?”

“पाण्याने फुगली असेल.”

“कात फुगत नाही... तुम्हीच सांगितलं होतंत.”

मी पेटीकडे पाहिले. नाण्याएवढा राजा उताणा पडला होता आणि थरथरत जुन्या कातडीतून एकेक पाय ओढून काढत होता. या घरात आल्यापासून तो पहिल्यांदाच कात टाकत होता.

“मग ही... कोणाची?”

“पेटीत सापडली, म्हणजे राजाचीच,” मी म्हणाले. दिवेलागणीपूर्वीच सून पेटी उराशी धरून माहेरी निघून गेली. मी अडवले नाही. करार म्हणजे करार. बशीतली कात बाहेरच्या कचऱ्यात टाकली, दारे-खिडक्यांना आतून कड्या लावल्या आणि बऱ्याच दिवसांनी निवांत झोपले. घर अखेर माझे एकटीचे झाले होते.

पहाटे उशाशी हात गेला, तो कशाच्या तरी केसांना लागला. दिवा लावला. माझ्या पंजाहून मोठी कात तिथे पसरली होती. ती ओलसर होती. नुकतीच टाकलेली कातच अशी असते. कड्या जागच्या जागी होत्या.

मी ती उलटी केली. भिंगाची गरज पडली नाही. पिशवी नुसत्या डोळ्यांना दिसत होती.