सोडलेली दोरी

तापलेल्या मशीनशी भांडायचं नसतं, हे थोरल्याला वीस वर्षांच्या लाकूडतोडीने शिकवलं होतं. सकाळी ही पेट्रोलची करवत शहाण्यासारखी दुसऱ्या झटक्याला सुरू व्हायची. पण भर दुपारी टाकी भरायला बंद केली की संपलं! उन्हाने आतल्या आत पेट्रोलची वाफ होते. मग सुरू करायची दोरी ओढून खांदा निखळला तरी ती हूं की चूं करत नाही. सावलीत ठेवायची आणि वीस मिनिटं गप्प बसायचं, एवढंच हातात असतं.

ती वीस मिनिटंच त्याला खायला उठायची. कीड लागून वाळलेली उतारावरची झाडं पाडायचं काम तो एकटाच करत होता. पूर्वी धाकटा भाऊ जोडीला असायचा. दोरी ओढली की धाकटा तिची मूठ तशीच सोडून द्यायचा आणि ती खाड्कन आपटायची. "अरे, हाताने परत ने, तुटेल एक दिवस!" असं थोरला शंभरदा ओरडला असेल. एक दिवस तुटलीच. तेव्हा चार माणसांदेखत तो बोलून गेला, "तुझ्यापेक्षा मी एकटा बरा." धाकटा जो गेला तो गेला. त्याला दोन वर्षं झाली; त्याने कुठेतरी दुकान टाकलंय, एवढंच कानावर आलं होतं. रोज ओंडक्यावर टेकलं की थोरल्याला हेच आठवायचं, आणि स्वतःची जीभ हासडावीशी वाटायची.

त्या मंगळवारी तो असाच बसला होता, तेव्हा झाडांपलीकडून आवाज आला. कुणीतरी दोरी ओढत होतं. सर्र, खाड्. सर्र, खाड्.

थोरल्याने कान टवकारले. अशी मूठ सोडणारा जगात एकच! दुकान सोडून पलीकडचं काम घेतलंय वाटतं पठ्ठ्याने. आणि अकड इतकी, की समोर यायला नको.

रोगही त्याने कानानेच ओळखला. चोक लावायचा तो थंड मशीनला, आणि हा गरम मशीनला लावून बसला होता गाढव.

"चोक काढ!" तो ओरडला. "आणि थांब जरा!"

आवाज थांबला. वीस मिनिटांनी पलीकडची करवत पहिल्या झटक्याला सुरू झाली. थोरला एकटाच खुदकन हसला. किती दिवसांनी हसला कोण जाणे.

बुधवारी तेच. गुरुवारी त्याने मनाचा हिय्या केला.

"चुकलं माझं! ऐकलंस का?"

पलीकडे दोरी एकदाच, अगदी हळू ओढली गेली.

काम आटोपून, ऊन असतानाच तो तिकडे गेला. एकही झाड पाडलेलं नव्हतं. चिमूटभर भुसा नव्हता. वाळक्या पानांचा थर जिथल्या तिथे, कुणाचं पाऊल पडलं नसावं असा. उतारावर आवाज लांबूनही येतो, असं त्याने स्वतःला बजावलं, पण परतताना तो भराभर चालला.

शुक्रवारी त्याने ओंडक्यावर बसून फोन लावला.

"दादा?" धाकट्याने लगेच उचलला. मागे पंख्याची घरघर, कुणीतरी किंमत विचारत होतं.

"कुठे आहेस रे?"

"दुकानात. कुठे असणार?"

झाडांपलीकडे सर्र, खाड्.

ते फोनवर धाकट्यालाही ऐकू गेलं. तो म्हणाला, "कोण आहे तिथे?"

"तूच ना?"

"दादा, मी मशीनला हात लावून दोन वर्षं झाली. तू आधी तिथून नीघ." मग कुणीतरी त्याला हाक मारली. "गिऱ्हाईक आलंय. पाच मिनिटांत करतो फोन. नीघ तू."

फोन बंद झाला.

"दादा."

ही हाक झाडांतून आली. तोच आवाज. त्यात रागाचा लवलेश नव्हता.

"ये ना."

पलीकडची करवत सुरू झाली.

थोरल्याला सगळं कळत होतं. धाकटा दुकानात आहे, हे त्याने आत्ताच या कानांनी ऐकलं होतं.

पण दोन वर्षांत त्याला "ये" असं कुणी म्हटलं नव्हतं.

त्याने फोन ओंडक्यावर ठेवला. कपड्यांवरचा भुसा झटकला. आणि तो आत शिरला.

पाच मिनिटांनी फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला. थोरल्याची करवत शेजारीच सावलीत निवत पडली होती.

पलीकडे आता दोन करवती चालू होत्या.