टेबलावर काकांचा हात कुणी धरला होता?

पटो अगर न पटो, हे खरं घडलंय. माझ्या सख्ख्या ताईच्या बाबतीत. गेल्या वर्षी, एका मंगळवारी, सकाळी साडेदहाला. भर उजेडात.

ताई भूलतज्ज्ञ आहे.

त्या दिवशी टेबलावर एक म्हातारे शिंपीकाका होते. अकरा वर्षं उजवा हात थरथरायचा. सुईत दोरा ओवणं तर सोडाच, घास तोंडापर्यंत जायचा नाही. यावर मेंदूत बारीक तार सोडून करंट देतात. पण पेशंट जागा लागतो, कारण हात थांबतो का ते बघूनच तार नेमकी बसवायची असते. म्हणून ताईचं काम अवघड. पूर्ण झोपवायचं नाही आणि घाबरूही द्यायचं नाही.

"आत भुसा निघाला तर घरी सांगू नका हं," काका म्हणाले.

"घरी कोण असतं काका?"

"आता कुणी नाही."

बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती. रोज रात्री ती त्यांचा हात धरून झोपायची. तिने धरला की थरथर थांबायची. एका पहाटे हात थरथरला म्हणून काकांना जाग आली...

शेजारी ती गार पडली होती.

तार आत गेली. स्पीकरवर मेंदूचा आवाज सुरू झाला. खरखर... खरखर...

मग एकदम बंद.

काकांचा हात थांबला.

"छान," मोठे डॉक्टर म्हणाले. "करंट किती दिलात?"

मशीनवाल्याचा चेहरा उतरला. "सर... मी अजून दिलेलाच नाही."

ताईने हाताकडे बघितलं. हाताच्या पाठीवर चार पांढरे ठिपके... कुणी बोटं दाबून धरल्यासारखे.

जवळ कुणीच नव्हतं.

"आलीस?" काका हळूच म्हणाले.

"काका, कुणाशी बोलताय?"

"थांब बाळा. एकच विचारायचंय हिला." डोकं हलू नये म्हणून फ्रेममध्ये आवळलेलं, त्यांनी नुसती नजर वळवली. "त्या रात्री मला हाक मारली होतीस का गं? मीच उठलो नाही का?"

औषधाने म्हातारी माणसं बरळतात. ताईने शंभरदा पाहिलंय. आणि पेशंट हलला तर सगळंच फिसकटतं.

"शांत करा त्यांना," मोठे डॉक्टर म्हणाले.

ताईने सिरिंज जराशी पुढे ढकलली.

काकांचे डोळे मिटले.

ठिपके मात्र तिथेच होते... मग एकेक करून पुसले गेले. करंगळीपासून.

काका जागे झाले तेव्हा हात पुन्हा थरथरत होता. करंट दिला, थांबला. ऑपरेशन झकास झालं. काका रडत होते. सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

चौथ्या दिवशी ताई वॉर्डात गेली. काका शर्टाची बटणं स्वतः लावत होते. एकेक, नीट.

"मला झोप लागली," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "पण तू तर जागी होतीस ना बाळा... काय म्हणाली ती?"

"काही नाही काका," ताई म्हणाली.

हे तिने सांगितलं तेव्हा मी विचारलं, "खरंच काही ऐकू नव्हतं आलं?"

ती उठून स्वयंपाकघराकडे वळली.

मग म्हणाली, "तू जेवलास का?"

मी परत विचारलेलं नाही. खरं सांगायचं तर... मला ऐकायचंच नाहीये.