एक शेजारी जास्त

त्या इमारतीतली दारं एकमेकांशी बोलत, आणि त्यांना बोलायला तिनेच शिकवलं होतं.

प्रत्येक दाराच्या कुलपात काडेपेटीएवढा संगणक होता. कार्ड लावून कोण आत गेलं, कोण बाहेर पडलं, हे दार आपल्या शेजारच्या दारांना सांगे, ती त्यांच्या शेजाऱ्यांना. थोड्या नोंदी जमल्या की त्यांचा एक ब्लॉक होई, तो आधीच्या ब्लॉकला जोडला जाई, आणि ही साखळी प्रत्येक दारापाशी अख्खी असे. सगळ्यांवर हुकूम चालवणारा मुख्य संगणक नव्हताच. दोन दारांच्या साखळ्या जुळल्या नाहीत, तर जी लांब ती खरी. बस, एवढाच नियम.

"आणि एखादं दार खोटं बोललं तर?" साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं होतं.

"बाकीची त्याला गप्प बसवतील," ती म्हणाली होती. "दारं माणसांपेक्षा बरी असतात."

सगळे हसले आणि काम मंजूर झालं.

त्या दुपारी ती तळघरातल्या नमुन्यांच्या खोलीकडे निघाली, ती एका किरकोळ तक्रारीपायी. त्या खोलीच्या दाराला तीन शेजारी असायला हवे होते: जिना, लिफ्ट आणि पंपाची खोली. यादीत चार दिसत होते.

"भुताटकी," बाजूच्या टेबलावरचे तात्या मान वर न करता म्हणाले.

"तात्या, भुतं भिंतीतून जातात. त्यांना दार कशाला लागतंय?"

"मग चोर असेल. चोराला लागतं."

"बरं, धरून आणते तुमचा चोर. पण पाळणाघर बंद व्हायच्या आत मला निघायचंय हं. मागच्या खेपेला उशीर झाला तर पिल्लू दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी."

खोली स्वच्छ होती. भिंतीला लागून पांढरी कपाटं, त्यांत लेबलं लावलेल्या बाटल्या, स्पिरिटचा वास. छताच्या जाळीतून गार हवा येत होती. कोपऱ्यातल्या टेबलावर फोन होता. पोलादी दार मागे आपोआप लागलं. तिने स्टूल ओढलं, लॅपटॉपची वायर कुलपाला जोडली आणि कामाला लागली.

चौथा शेजारी अगदी शिस्तीचा निघाला. विचारलं की उत्तर देई, मागितलेला ब्लॉक पाठवी. फक्त त्याला ना खोलीचा क्रमांक होता, ना मजला. आणखी एक गोष्ट तिला खटकली. जिन्याच्या दाराकडून उत्तर यायला पापणी लवण्याइतका वेळ लागत होता. याचं उत्तर त्याच्या दहाव्या हिश्शात येत होतं. म्हणजे तो जिन्यापेक्षा जवळ होता.

तिने मान वळवून खोली पाहिली. चार भिंती, एक दार.

तिने त्याला यादीतून काढून टाकलं. तो लिफ्टच्या दाराकडून परत आला. आपल्या ओळखीतलं दार शेजाऱ्याला कळवायचं, ही सवयही दारांना तिनेच लावली होती. तिने लिफ्टचा संबंध तोडला, तर तो जिन्याकडून आला. आल्या आल्या त्याने सगळ्यांना कळवलं, माझी साखळी तुमच्यापेक्षा एका ब्लॉकने लांब आहे.

दारांनी ब्लॉक तपासला. त्यावरच्या दारांच्या डिजिटल सह्या चोख होत्या. जिन्याने मानला, लिफ्टने मानला, पंपाच्या खोलीने मानला. शेवटी तिच्या समोरच्या दाराने मानला. कुलपात बारीक खट्ट झालं.

तिने ब्लॉक उघडून पाहिला. त्यात एकच नोंद होती. तिचं कार्ड, ही खोली, बाहेर.

ती उठली आणि तिने कार्ड दाराला लावलं. लाल दिवा लागला. जो बाहेर गेला आहे त्याला पुन्हा बाहेर जाता येत नाही. एकाच कार्डावर दोघं फिरू नयेत, म्हणून.

घाबरणं तिच्या स्वभावात नव्हतं. वैताग आला तेवढाच. तिने लॅपटॉपवर नवा ब्लॉक बांधला, हे कार्ड आत आहे, आणि जुन्या साखळीला जोडून दारांना दिला. पलीकडून दोन आले. तिने तीन दिले. पाच आले. पत्त्यांच्या डावात समोरच्याला आपली पानं दिसत असावीत, तसं चाललं होतं. आणि त्या ब्लॉकांत नोंदी होत्या: तिचं कार्ड, जिना; तिचं कार्ड, वरच्या मजल्यावरचं तिचं कपाट; तिचं कार्ड, मुख्य दार, बाहेर.

तिने तात्यांना फोन लावला.

"तात्या, मी खाली अडकलेय. दार उघडत नाही."

"कोण बोलतंय?"

"कोण म्हणजे काय? मी!"

"अगं, तू आत्ताच तर गेलीस. कपाटातून पर्स घेतलीस, मोबाईल घेतलास. 'निघते तात्या, पिल्लू वाट बघतेय' म्हणालीस."

"तात्या, थट्टा पुरे."

"थट्टा मी करतोय?" त्यांचा आवाज खाली आला. "हे बघ, इथे बोर्डावर ती खोली रिकामी दिसतेय. रिकाम्या खोलीचा दिवा आणि हवा थोड्या वेळाने बंद होते, ठाऊक आहे ना तुला? त्याच्या आत येतो मी. कुठे जाऊ नकोस."

"जाणार कुठे, तात्या?"

ती दाराला कान लावून उभी राहिली. जिन्यावर पाऊल वाजलं नाही. लॅपटॉपवर नवा ब्लॉक आला.

तात्यांचं कार्ड, मुख्य दार, बाहेर.

तिने वरचा फोन पुन्हा लावला. तो वाजत राहिला.

मग मात्र तिने दारावर हात आपटले. स्टूल आपटलं. पोलादाने आवाज गिळून टाकला. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला होत्या.

पाळणाघराचा नंबर तिला पाठ होता.

"अहो, आत्ताच तर घेऊन गेलात!" पाळणाघराच्या काकू हसल्या. "आज लवकर आलात म्हणून स्वारी भलतीच खूश. धावत येऊन बिलगली की तुम्हाला."

"काकू, ती मी नव्हते."

"काय म्हणालात? खरखर येतेय फार."

"ती मी नव्हते!"

"आवाज तुटतोय हो. उद्या बोलू निवांत, चालेल?"

तिने स्वतःचाच मोबाईल नंबर फिरवला. बोट दोनदा चुकलं.

"हॅलो?"

पिल्लूचा आवाज. मागे गाडीच्या इंडिकेटरची टिकटिक.

"पिल्लू, मी आई बोलतेय."

"आई गाडी चालवतेय," पिल्लू म्हणाली.

"राणी, नीट ऐक. गाडी थांबली की दार उघडून उतरायचं. कुणाही माणसाजवळ जाऊन उभं राहायचं. ऐकतेयस ना?"

फोनवर हात ठेवल्यासारखी सळसळ झाली. कुणीतरी हलक्या आवाजात काही सांगितलं. पिल्लू खुदकन हसली. मग आवाज परत जवळ आला.

"आई विचारतेय, तिथला दिवा गेला का?"

तिने वर पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "अजून नाही."

पुन्हा कुजबुज झाली.

"मग थोडं थांब, म्हणतेय."