दुपारचं पाणी

"हलू नकोस! टॉवेल दिसतोय तुझा!"

"दिसू दे. डोकं भाजतंय माझं," युवराज कुजबुजला. "अजून किती वेळ, ताई?"

"चोर सापडेपर्यंत."

डाळिंबाच्या झाडामागं तिघं दाटीवाटीनं बसली होती. उत्कर्षा, तिचा धाकटा भाऊ युवराज आणि शेजारचा अमरेश. दुपारचे दोन वाजले होते. एप्रिल संपत आला होता. शुक्रवार पेठेतली सगळी गल्ली दारं लावून झोपली होती.

उत्कर्षा आणि युवराज दर सुट्टीत माळशिरसहून आजोबांकडे यायचे. मागच्या उन्हाळ्यात ही परसातली बाग नुसती गजबजलेली होती. जास्वंदीत बुलबुलाचं घरटं होतं. लिंबाच्या पानांवर फुलपाखराच्या हिरव्या अळ्या होत्या. भिंतीलगतच्या मोगऱ्याला एवढी फुलं यायची की आजी ओंजळ भरून गल्लीत वाटायची.

जानेवारीत आजी गेली. आता मोगऱ्याची पानं कडेनं तपकिरी होऊन गळत होती. जास्वंदीच्या कळ्या उमलण्याआधीच पडत होत्या. मातीच्या थाळीत पाणी असायचं, पण पाखरू एक नव्हतं.

काल जेवताना आजोबा म्हणाले होते, "परवा दहाला फरशीवाला येतोय. सगळं काढून फरशी बसवू. झाडायला सोपं. तिच्यामागं काय जगंना हितं."

एवढं बोलून ते अर्ध्या भाकरीवरून उठले. तेव्हाच उत्कर्षानं ठरवलं. कुणीतरी झाडांवर काहीतरी टाकतंय, ते शोधायचं. हातात आजचा एकच दिवस होता.

"माझा संशय चनबसप्पा आजोबांवर आहे," युवराज म्हणाला.

"माझ्या अज्जावर?" अमरेश उसळला. "अरे, तो पूजेला फुलं तुमच्याकडूनच नेतो की! मोगरा मारून पूजेला काय घालेल, कोबी?"

"भिंत ओली होते म्हणून भांडले होते की नाही?"

"अज्जा सगळ्यांशीच भांडतो. सकाळी माझ्या चपलेशी भांडला!"

"श्शू!" उत्कर्षानं दोघांची डोकी खाली दाबली. मागचं दार वाजलं होतं.

बाहेर आले ते आजोबा.

खांद्यावर पंचा, पायात झिजलेल्या वहाणा. त्यांनी पाइपाच्या तोंडाला फडकं गुंडाळलं आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ सोडला. मोगरा, जास्वंद, लिंबू. एकही झाड चुकवलं नाही. मोगऱ्याजवळ जरा जास्त थांबले.

"पी बाई," ते म्हणाले. "मला दुपारची झोप लागत न्हाय. तू तरी पी."

मग थाळी काठोकाठ भरली, नळ बंद केला आणि आत गेले.

इतक्यात एक चिमणी थाळीच्या काठावर उतरली. तिनं चोच बुडवली आणि दचकून मागं उडाली!

"विष!" युवराज ओरडला.

"गप! आजोबांनीच ओतलंय ना ते?" अमरेशनं धावत जाऊन थाळीत बोट घातलं. "आई गं! उकळतंय की!"

उत्कर्षानं पाइपातून ठिबकणारं पाणी हातावर घेतलं. हात झटकावा लागला. तिनं वर बघितलं. काळी टाकी सकाळपासून उन्हात तापत होती. पाइपही उन्हात. रोज दुपारी आजोबा स्वतःच्या हातानं झाडांना हे पाणी पाजत होते.

चोर सापडला होता. पण उत्कर्षा दाराकडे गेली नाही.

"चल, सांगू त्यांना," युवराज म्हणाला.

"काय सांगणार? आजीचा मोगरा तुम्हीच भाजलात, असं?"

तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला, "काय रे, डोकं फिरलंय का तुमचं? उन्हात काय करताय?" चनबसप्पा उठले होते.

"अज्जा, मथुराआजी झाडांना पाणी कधी घालायची?" अमरेशनं विचारलं.

"पहाटे! मी पूजेला उठलो की तांब्याचा आवाज यायचा. संध्याकाळी त्या रांजणात भरून ठेवायची मथुराक्का, अन् पहाटे तांब्यातांब्यानं घालायची."

कोपऱ्यात रांजण पालथा पडला होता. त्यावर कोळ्यानं जाळं विणलं होतं.

उत्कर्षानं थोडा विचार केला. मग वहाणा काढल्या आणि दाराशी जाऊन हाक मारली, "आजोबा! पाय पोळले माझे, पाणी घाला ना!"

आजोबा लगबगीनं आले. फडकं धरून पाइप उचलला, नळ सोडला.

"आधी हात लावून बघा ना," ती पाय मागं घेत म्हणाली.

नातीच्या पायांचा प्रश्न होता. त्यांनी धारेखाली हात धरला आणि झटकन ओढून घेतला.

पाइपाकडे बघितलं, टाकीकडे बघितलं, मग मोगऱ्याकडे. पाणी तसंच वाहत होतं. अमरेशनं जाऊन नळ बंद केला.

"तीस वर्षं एसटी चालवली," आजोबा हळू म्हणाले. "इंजिनातलं पाणी तापलं की मला बसल्या जागी कळायचं. पाइप पोळतो म्हणून रोज फडकं गुंडाळतोय. पण हे डोक्यात आलं न्हाय."

"आम्हाला पण आता कळलं, आजोबा."

"मी मारला की गं तिचा मोगरा."

चनबसप्पा भिंतीला वळसा घालून आत आले. मोगऱ्यापाशी बसले आणि फांदीची साल नखानं खरवडली. आत हिरवं होतं.

"सत्तिल्ल!" ते ओरडले. "मेला न्हाय, हिंदुराव! बघा हितं! पोरांनी वेळेवर पकडलं तुम्हाला!"

आजोबांनी वाकून बघितलं. स्वतःच्या नखानं दुसरी फांदी खरवडली. तीही हिरवी. मग खिशातून फोन काढला.

"फरशीवाले का? उद्या येऊ नका. न्हाय, परवा पण नको."

युवराजनं डाळिंबाला टॉवेल फेकून मारला. "जिंकलो!"

संध्याकाळी आजोबांनी आणि तिघा पोरांनी मिळून रांजण धुतला आणि भरला.

पहाटे उत्कर्षाला तांब्याच्या आवाजानं जाग आली. आजोबा एकटेच झाडांपाशी होते. ती जाऊन पायरीवर बसली.

"शाबास म्हणायला पाहिजे तुम्हाला," ते म्हणाले. "काल राहूनच गेलं. शाबास."

त्यांनी थाळी गार पाण्यानं भरली.

"लई वर्षं पाचची गाडी माझ्याकडं होती. मी निघायचो तेव्हा तुझी आजी रांजणावरचं झाकण काढायची. पुढं काय करायची, कधी थांबून बघितलं न्हाय."

थाळीच्या काठावर चिमणी उतरली. तिनं चोच बुडवली, मान वर केली आणि पुन्हा बुडवली.

आजोबा तांब्या हातात धरून तिचं पिऊन होईपर्यंत उभे राहिले.